करंगळीचा स्वर

२ सप्टेंबर, मंगळवार
इस्त्रीचे कपडे द्यायला चिमूच्या खोलीपाशी गेले. दार लोटलेलं. फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. म्हणाली, "आईला काय विचारायचं? तिला सगळंच छान वाटतं." आणि हसली. वाईट हसली नाही, नेहमीसारखीच.

कपडे तिथेच खुर्चीवर ठेवून परत आले.

खोटं कुठे बोलली? अकरा वर्षं तिला व्हायोलिनच्या शिकवणीला नेते-आणते आहे. सरांच्या बाहेरच्या बाकावर बसून किती स्वेटर विणले. आणि एकदाही ऐकलं नाही! ऐकू येत होतं, एवढंच. तिनं "कसं झालं?" विचारलं की मी "छान". चुकलं तरी छान, रडकुंडीला आली तरी छान.

१४ नोव्हेंबरला तिची ऑडिशन आहे, मोठ्या वाद्यवृंदासाठी. तेव्हाही छानच म्हणणार का मी?

४ सप्टेंबर, गुरुवार
गेले! वाचनालयाच्या सभागृहात दर गुरुवारी दुपारी साडेबाराला तासभर वादन असतं, फुकट. मी कामाला जाते त्या हॉस्पिटलपासून दोन गल्ल्या. आमच्या शिवणखोलीत सांगितलं, बँकेत काम आहे. खोटं का सांगितलं कुणास ठाऊक.

दाराजवळची खुर्ची धरली, पळायला सोपी. चौघं वाजवणारे — दोन व्हायोलिन, एक त्याहून थोडं मोठं, आणि एक गुडघ्यांत धरायचा चेलो. सुरू झालं. मी छताचे दिवे मोजले. एकोणीस. एक बंद. मग आठवलं की ऐकायचंय. ऐकायला लागले तर मनात डॉक्टरांच्या अंगरख्यांचे तुटलेले बंद.

वादन थांबलं. मी टाळ्या वाजवल्या — एकटीच. फक्त पहिला भाग संपला होता, म्हणे अजून तीन. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. कानापर्यंत तापले. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, ते हळूच म्हणाले, "काही बिघडलं नाही. वाजवणाऱ्यांना राग येत नाही, ऐकणाऱ्यांनाच येतो."

५ सप्टेंबर
पुन्हा जाणार नाही. आपलं काम नव्हे ते.

११ सप्टेंबर, गुरुवार
गेले.

म्हातारे गृहस्थ तिथेच. चाळीस वर्षं पियानो सुरात लावून द्यायचं काम केलं म्हणे, आता निवृत्त. मी त्यांना काका म्हणते, ते मला ताई. मला काही कळत नाही, असं सांगूनच टाकलं. त्यांनी विचारलं, सगळं एकदम ऐकायला जाता का? म्हटलं, मग कसं ऐकायचं? म्हणाले, आज फक्त चेलोच्या मागे जायचं. बाकीचे काय बोलायचं ते बोलू देत. बाजारात पोराचं बोट धरून चालतो तसं. सुटलं तर शोधायचं, घाबरायचं नाही.

तीनदा सुटलं. तिन्ही वेळा खरंच पोर हरवल्यासारखी शोधत सुटले. चौथ्यांदा सापडलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. बाहेर आले तेव्हा मान अवघडली होती, इतकी ताठ बसले होते.

१५ सप्टेंबर
चिमू सराव करत होती, मी पोळपाट धूत होते. एक चाल ओळखली! आधी वर गेली होती, आता तीच खाली आली, थोडी दमलेली. नळ बंद करून उभी राहिले.

तिला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. म्हणाली असती, "बरं वाटतंय ना तुला?"

१८ सप्टेंबर, गुरुवार
आज फार संथ वाजवलं. मधेच ह्यांची आठवण आली. गेले तेव्हाची नाही, कुठलीच विशेष नाही. दाढी करताना गालाला जीभ लावून फुगवायचे, ती. रुमाल विसरले होते, बाहीला डोळे पुसले. काकांनी बघितलं, पण कार्यक्रमपत्रिका वाचत बसले. बरं वाटलं त्यांचं ते न बघणं.

२५ सप्टेंबर, गुरुवार
काकांनी मुलीबद्दल विचारलं. सांगितलं, व्हायोलिन वाजवते, ऑडिशन आहे. तर कार्यक्रम संपल्यावर मला थेट पुढे नेलं आणि पहिल्या व्हायोलिनवाल्या बाईंना म्हणाले, ह्यांना जरा मोकळी तार आणि करंगळी दाखवा. बाईंनी हसत दाखवलं.

एकच स्वर दोन जागी मिळतो. तार मोकळी सोडून नुसता बो, म्हणजे गज, फिरवायचा, नाहीतर शेजारच्या जाड तारेवर करंगळी दाबायची. स्वर तोच, पण आवाज वेगळा! मोकळा म्हणजे कोरं खळीचं कापड, चरचरीत. करंगळीचा म्हणजे तेच कापड चार धुण्यांनंतर. आणि दाबलेल्या बोटाला हलवून स्वराला कंप देता येतो, मोकळ्या तारेला ते जमत नाही.

दुपारभर अंगरख्यांना बंद लावताना तेच दोन आवाज डोक्यात. दोन बंद उलटे लावले, उसवावे लागले.

२७ सप्टेंबर, शनिवार
नको ते ऐकलं.

चिमू ऑडिशनचा तुकडा वाजवत होती. कोरं कापड, कोरं कापड. जिथे मऊ यायला हवं तिथेही चरचरीत. मागच्या वर्षीच्या कार्यक्रमाचं माझ्या फोनवर रेकॉर्डिंग आहे, त्यातही हाच तुकडा आहे. ती बाहेर गेल्यावर ते लावलं. तिथे मऊ आहे. चौदा जागा मोजल्या. तेव्हा चौदाही ठिकाणी करंगळी. आता जवळपास सगळीकडे मोकळी तार. आणि जिथे मोकळी तार चालतच नाही, तिथे हात सरकवून दुसरंच बोट. मधे बारीकशी फट पडते.

सरांनीच बदललं असेल. मला काय कळतंय. चार गुरुवार काय झाले, आले शहाणपण शिकवायला!

२८ सप्टेंबर
जेवताना बघत राहिले. पेला उजव्या हातानं उचलते. ती डावखुरी आहे.

डावं कोपर सारखं चोळते. विचारलं तर म्हणाली, झोपेत हात अवघडला.

२ ऑक्टोबर, गुरुवार
गांधी जयंतीची सुट्टी, वादन नव्हतं; तरी काकांना बोलावून दोन्ही रेकॉर्डिंग ऐकवली. परवाचं दाराआडून केलेलं. लाज वाटली. वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसलो, त्यांनी फोन कानाशी धरून डोळे मिटले. दोनदा ऐकलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. निकाल लागायच्या आधी पोरं बोर्डाकडे बघतात तशी.

म्हणाले, "कान पक्का आहे मुलीचा. चूक एकही नाही. पण ती करंगळी टाळते आहे, ठरवून. फार हुशारीनं लपवलंय."

मग म्हणाले, वाजवणाऱ्यांचं मला इतपतच कळतं ताई, हाताचं डॉक्टरांना विचारा. आणि निघताना — हे तुम्ही ऐकलंत, मी नाही. मी तुम्ही दाखवल्यावर ऐकलं.

खूश व्हायला हवं होतं का?

३ ऑक्टोबर
आमच्याकडच्या फिजिओला विचारलं. कुणाचं ते सांगितलं नाही, पण ओळखलं असावं. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतंय का? कोपर खूप वेळ वाकलेलं राहतं का? अंगठा आणि पहिल्या बोटामधला मांसल भाग बसलाय का? म्हणाला, कोपरापाशी शीर दाबली जात असेल. वेळेत दाखवलं तर बरं होतं, अंगावर काढलं तर हातातली ताकद कायमची जाते.

सकाळी ती चप्पल घालत होती तेव्हा हात बघितला. दोन्ही हात सारखे नाहीत.

५ ऑक्टोबर, रविवार
सांगितलं. कसं सांगायचं ते दोन दिवस मनात घोळवलं होतं, सगळं विसरले आणि भलतंच बोलले — "चिमू, करंगळी बधिर झाली आहे ना तुझी?"

तिनं व्हायोलिन खाली ठेवलं. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ऐकू आलं."

"तुला?"

त्या 'तुला'त काय नव्हतं! मी मोकळ्या तारेचं सांगितलं, चौदा जागा सांगितल्या, मागच्या वर्षीचं रेकॉर्डिंग सांगितलं. ती बघतच राहिली. मग भडकली. दाराआडून ऐकतेस, मोजतेस, पाळत ठेवतेस. सरांना दोन महिन्यांत कळलं नाही आणि तुला कळलं? ऑडिशनला चाळीस दिवस राहिलेत. ती होऊ दे, मग कुठे न्यायचं तिथे ने.

दोन महिने! म्हणजे ऑगस्टपासून. मी तेव्हा छान छान म्हणत होते.

६ ऑक्टोबर
बोलत नाही.

७ ऑक्टोबर
बोलत नाही. व्हायोलिनला ती रबरी चिमटी लावून वाजवते, आवाज दाबणारी. माझ्यासाठी. भिंतीपलीकडून मुंगीएवढा आवाज येतो. तरी फट ऐकू येते.

सरांना सांगू का? सांगितलं तर तिचा विश्वास कायमचा जाईल. नाही सांगितलं तर हात.

९ ऑक्टोबर, गुरुवार
वादनाला गेले, बसले, काही ऐकलं नाही. उठताना काका म्हणाले, तुम्ही सांगितलंत ना? मग आता तिला जरा वेळ द्या. म्हटलं, वेळच तर नाही.

१३ ऑक्टोबर
फिजिओनं पुन्हा विचारलं, आणलं नाहीत अजून? शिवणयंत्राखाली बोट जाता जाता राहिलं.

आज ठरवलं. रविवारपर्यंत वाट बघायची. मग सरांना फोन. मग ती बोलली नाही तरी चालेल. चालणार नाही, पण चालवून घेईन.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
फोन करावा लागला नाही.

सकाळी आवरून स्वयंपाकघरात आली. सदऱ्याची बटणं अर्धवट. माझ्यासमोर उभी राहिली, लहानपणी राहायची तशी. "आई, हे बोट माझं नाहीच असं वाटतं." बटणं मी लावली. दोघींनीही एकमेकींकडे बघितलं नाही. मग म्हणाली, घाबरले होते गं.

सोमवारची वेळ घेतली.

२० ऑक्टोबर, सोमवार
हाताला पट्ट्या चिकटवून विजेचे झटके देऊन तपासणी केली. मी बाहेर. आतून तिचा आवाज नाही, यंत्राचा टक् टक्. ते टक् टक् मोजत बसले.

डॉक्टर नीट समजावून बोलले. शीर कोपरापाशी दाबली गेली आहे. आधी म्हणाले, अशा केसेसमध्ये उशीर झाला तर वाजवणं सोडावं लागतं. मी टेबलाची कड धरली. मग म्हणाले, तुम्ही वेळेत आलात. लहानशी शस्त्रक्रिया, चार-पाच महिने व्हायोलिन बंद, व्यायाम. हात पहिल्यासारखा होईल, पुढच्या ऑडिशनला बसू शकेल.

चिमूला रडू कोसळलं. मीही रडले. डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला तो दोघींनी अर्धा अर्धा प्यायला. कितीतरी आठवड्यांनी नीट श्वास घेतला. काकांना गुरुवारी सांगायचं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
कामावर मन लागेना. कालचं रडणं कानात होतं. आनंदाचं म्हणून ऐकलं होतं मी. चादरीला टीप मारता मारता थांबले. डॉक्टर "वाजवणं सोडावं लागतं" म्हणाले तेव्हा ती रडली नव्हती. तेव्हा तिचा श्वास मोकळा झाला होता, अगदी माझ्या शेजारी, मी ऐकला होता. रडू फुटलं ते "पहिल्यासारखा होईल" ह्यावर.

आठ वर्षांची होती. शाळेतल्या बाई म्हणाल्या, पोरीला कान आहे. त्याच आठवड्यात मी शिकवणी लावली. तिला विचारल्याचं आठवत नाही. ऑडिशनसाठी हात लपवला, तोही माझ्यासाठीच का?

आज घरी येऊन विचारलं. चप्पलही काढली नव्हती. "तुला वाजवायचंय का?"

तिनं माझ्या खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली. मग म्हणाली, "नाही."

एवढंच. तिचा इतका सरळ आवाज मी कधी ऐकला नव्हता.