शंभरातल्या नव्वद बाटल्या

१४ नोव्हेंबर, दुपारचे दोन

प्रिय ताई,

नमस्कार. मी ठीक आहे, तूही असशील.

उत्तर लिहायला उशीर झाला. हे वाक्य आज चौथ्यांदा लिहितोय, आधीचे तीन कागद टेबलाखाली चुरगळून पडलेत. किती उशीर झाला ते पुढे सांगतो, आत्ता विचारू नकोस. एरवी तू विचारलंच असतंस, पण पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, तेवढीच माझी सोय.

बाबांना बरं नाही हे कळलं. तुझ्या पत्राच्या तळाशी त्यांनी स्वतः एक ओळ लिहिली आहे ना, वाकडीतिकडी, 'तिथे कसला वास येतो ते लिही', तिचं उत्तर आधी देतो. पुढचं सगळं त्यांना वाचून दाखव. हळू वाच, तू बातम्या दिल्यासारखं वाचतेस. त्यांना डोळे मिटू देत. आणि तो तपकिरी कोट त्यांच्या अंगावर नसेल तर निदान पायांवर टाक. तू तो धुवायला मागितलास की कसे अंगावर यायचे, आठवतं? "मी गेल्यावर तूच घाल, तोवर हात लावायचा नाही." कोपराला पुस्तकाच्या लाल कातड्याचं ठिगळ लावलेला कोट घालायला जगात दुसरं कोण तयार होणार आहे?

बाबा, ऐका तर.

पत्ता तेवढा कळवला होता, दुकान कसलं ते लिहिलं नव्हतं. मी एका वाईनच्या दुकानात आहे. उताराच्या गल्लीत, रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली. आत शिरलं की आधी लाकडी खोक्यांचा वास येतो, मग बुचांचा, मग ओल्या फरशीचा. मालकीणबाई साठीच्या आहेत. चष्मा कायम केसांत खोचलेला आणि दिवसभर 'माझा चष्मा कुठे गेला' चालू. मी इथे आलो तो खोकी उतरवायला. एका खोक्यापाशी थांबलो आणि म्हणालो, यातली एक बाटली गेलेली आहे. एक बूच पाझरत होतं. बाई हसल्या. मग उघडून हुंगली आणि हसायच्या थांबल्या. बूच बिघडलं की वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, बाबा. अगदी तोच. छत गळून तुमचा पुठ्ठ्यांचा गठ्ठा भिजला होता आणि तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता, तोच. बाईंनी विचारलं, "हे नाक कुठून आणलंस?" मी म्हणालो, "घरून. बाप पुस्तकं बांधतो."

तुम्ही माझे डोळे बांधून नाकाशी कागद धरायचात. हा कुठला? हा नवा, हा जुना, ही खळ आजची, ही कालची. शाळेत मी नववीला दोनदा बसलो, पण त्या परीक्षेत कधी नापास झालो नाही.

तर बाईंना एक छोटं पुस्तक काढायचं होतं. कुठल्या भागात कसली वाईन होते, कुणी कुठली घ्यावी. त्या म्हणतात, "लोक दुकानात येतात आणि डॉक्टरकडे आल्यासारखे उभे राहतात. जीभ बाहेर काढायचीच बाकी असते." त्या स्वतः लिहायला बसल्या की भूगोलाचा धडा व्हायचा. मी मात्र या सगळ्या भागांतून पायी हिंडलोय. कुठे द्राक्षं खुडली, कुठे पिंपं धुतली. म्हणून त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. बावन्न पानं झालीत. तुमचा भिंगरी एका जागी बसून बावन्न पानं लिहू शकतो, हे ताईला खरं वाटणार नाही.

समुद्राकाठच्या मळ्यांपासून सुरुवात केली. तिथे पहाटे खुडायला लागलं की ओठ खारट होतात. वाईन पांढरी, कोरडी. कोरडी म्हणजे गोडवा नसलेली, एवढंच. मीही महिनाभर याचा अर्थ विचारायला लाजत होतो. पावसाने धुतलेल्या दगडाचा वास आणि मागून लिंबाची साल.

डोंगरामागे थंडी फार, द्राक्ष उशिरा पिकतं आणि पिकूनही आंबटच राहतं. त्याची फेसाळ करतात. बाटल्या तिरक्या ठेवून रोज एवढ्याश्या फिरवायच्या, म्हणजे गाळ बुचाशी येऊन बसतो. मी ते महिनाभर केलं. स्वप्नातही मनगट फिरायचं. वास कच्च्या सफरचंदाचा आणि नुकत्याच भाजलेल्या पावाचा.

नदीच्या उतारावर हलकी लाल होते, चेरीच्या वासाची, हसऱ्या स्वभावाची. ती त्याच वर्षी प्यायची. तिथला नावाडी प्रवाशांना स्वतःचं नाव सोडून बाकी सगळं सांगायचा: बायकोचं भांडण, जावयाचा पगार. त्याची नक्कल करताना माझा फोन नदीत पडला. तेव्हापासून मी बिनफोनचा.

आणि शेवटी दगडी पठार. ऊन असं की वेली जमिनीला चिकटून राहतात. वाईन काळपट लाल, जड, वर्षं न् वर्षं पिंपात. पहिल्यांदा पेला नाकाशी धरला तेव्हा मी डोळे मिटले. पुस्तकात लिहिलंय: 'बंद खोली सकाळी उघडावी तसा वास. कातडं, खळ, लाकडी शिकंजा, आणि त्यात काम करणाऱ्या माणसाचा कोट.' बाई म्हणाल्या, "खळ? अरे, खळीच्या वासाची बाटली विकत कोण घेईल?" आम्ही पुस्तकातल्या ओळी चिठ्ठ्यांवर लिहून मांडणीला लावल्यात. सगळ्यात जास्त तीच खपते. लोक चिठ्ठी वाचतात, जरा वेळ थांबतात, आणि उचलतात.

बाबा, इथे हा वास येतो. घरचा.

ताई, इथून पुढचं बाबांना वाचू नकोस. हे फक्त तुला.

तुझं पत्र सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं. पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि ते पालथं ठेवलं. तुझ्या पत्रात आधी बोलणी असतात, मग ख्यालीखुशाली, मग पुन्हा बोलणी. तेव्हा दुकानात नव्या मालाची गडबड होती. म्हटलं, संध्याकाळी वाचू. मग म्हटलं, रविवारी.

खाली तळघरात ठेवणीच्या बाटल्या आडव्या ठेवलेल्या असतात. प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी, कधी उघडायची त्याची. एक घर रिकामं होतं. मी त्यात तुझं पाकीट ठेवलं आणि दोऱ्याने चिठ्ठी बांधली: 'थंडी पडल्यावर उघडणे.' बाईंनी विचारलं, हे काय? मी म्हणालो, "माझ्या ताईचं पत्र आहे. जड माल आहे, जरा मुरू द्या." त्या खूप हसल्या. मीही हसलो. पुढचे दोनतीन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला मी तो विनोद सांगत होतो.

मग मी विसरलो असं म्हणणार होतो. मघाशी चुरगळलेल्या कागदांवर तसंच लिहिलं होतं. पण विसरलो नव्हतो. रोज चारपाच वेळा त्या घरासमोरून जायचो. वाटायचं, आधी पुस्तक पुरं करू आणि त्याची एक प्रत पाठवू, म्हणजे तुझी बोलणी आपोआप जुनी होतील. बाबांनाही दिसेल की पोरगं वाया गेलं नाही.

काल सकाळी एक म्हातारे घड्याळजी आले. कापडात गुंडाळलेली बाटली काउंटरवर ठेवली आणि बाईंना म्हणाले, "तुमच्याच दुकानातली आहे. तुमचे वडील बसायचे तेव्हाची."

बाटली आधीच उघडलेली होती. बाईंनी हुंगली, एक थेंब जिभेवर घेतला, आणि मला दिली. नुसता आंबट शिरका.

"खास दिवसासाठी ठेवली होती हो," ते म्हणाले. "मुलगी झाली तेव्हा वाटलं, हिच्या लग्नात उघडू. लग्नात एवढी माणसं, म्हटलं, कुणाला पुरणार? नातू झाला तर मला ताप. मग बायको आजारी पडली, म्हटलं, बरी झाली की दोघं मिळून घेऊ." कापडाची घडी घालत म्हणाले, "परवा शेवटी उघडली. काही कारण नव्हतं. गुडघा दुखत नव्हता, एवढंच."

मी हसलो. त्यांनाही मी हसावं असंच वाटत होतं.

"कधी उघडायला हवी होती?" त्यांनी विचारलं.

बाईंनी चष्मा केसांतून खाली ओढून बाटली पाहिली. "ही नदीकडची आहे, काका. घेतली त्याच वर्षी. फार तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत."

"ठेवून चांगली होते म्हणतात ना?"

"सगळ्या नाही होत."

"मग तेव्हा कुणी सांगितलं कसं नाही?" ते रागावले नव्हते. खरोखर विचारत होते, रस्ता विचारावा तसं.

ते गेल्यावर बाई बराच वेळ फडक्याने काउंटर पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे पहिल्या पानावर टाक. लिही: शंभरातल्या नव्वद बाटल्या ठेवण्यासाठी नसतातच. ज्या दिवशी घरी आणाल त्या दिवशी उघडा. ठेवून त्या सुधारत नाहीत, फक्त मरतात."

मी लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं, कारण छापायला जाणारं पान होतं. 'मरतात' लिहून झालं आणि माझा हात थांबला. मी तळघरात गेलो.

चिठ्ठी माझ्याच अक्षरातली. पाकिटाला बुचांचा वास लागला होता. खालच्या पायरीवर बसून उघडलं.

ताई, तू त्यात एकही शब्द लागेल असा लिहिला नव्हतास. पहिल्यांदाच. 'रागावून लिहीत नाहीये. बाबांना आता उठवत नाही. डॉक्टर म्हणतात, महिना, फार तर दीड. मी दुपारची भाजी आणायलाही बाहेर पडत नाही, त्यांना जाग आली आणि कुणी दिसलं नाही की घाबरतात. तुझं विचारतात. तू ये. नाही जमलं तर त्यांनी विचारलंय तेवढं तरी लगेच लिही, मी वाचून दाखवेन.' वर तारीख २९ ऑगस्ट. खाली त्यांची ती ओळ.

महिना, फार तर दीड. आज अडीच झाले.

म्हणजे ताई, मी वर ते सगळं कुणाला लिहिलंय ते मला माहीत नाही. तू कुणाला वाचून दाखवणार आहेस, तेही माहीत नाही. बावन्न पानं मी अनोळखी गिऱ्हाइकांसाठी लिहिली. त्यांनी काही विचारलंही नव्हतं. ज्या एका माणसाने विचारलं, त्याचा प्रश्न दहा आठवडे खाली अंधारात आडवा पडून होता.

काल दुकानातल्या फोनवरून दोनदा घरचा नंबर फिरवला. पहिली घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. तू 'हॅलो' म्हणाली असतीस आणि तुझ्या आवाजावरून मला कळलं असतं. कळेपर्यंत ते आहेत, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललंय. बघ, अजूनही मी ठेवूनच देतोय.

आज सकाळी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पठारावरची एक बाटली कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली. म्हणाल्या, "उद्या सकाळच्या गाडीने जा." मी म्हणालो, आधी पत्र लिहितो. "आता पत्र कशाला?" असं त्यांनी विचारलं. ताई, मी दारात आलो तर तू आत घेशील का, हे मला तोंडाने विचारता येणार नाही, म्हणून पत्र. तुझं उत्तर येईपर्यंत थांबायचं असंही मनात होतं. म्हणजे पुन्हा आठवडाभर मुरवत ठेवणं आलंच.

थांब, दाराची घंटा वाजली. मालकीणबाई जेवायला गेल्यात आणि मी वर माळ्यावर बसून लिहितोय, इथून खालचं सगळं दुकान दिसतं. एक बाई आलीय, पाठमोरी. चिठ्ठ्या वाचतेय. वाचू दे, मी एवढं संपवतो. बहुतेक जण समुद्राकाठापासून सुरुवात करतात. ही मात्र हळूहळू सरकत शेवटच्या मांडणीपाशी गेली. पठाराच्या. बाटली उचलली नाही. चिठ्ठीवर बोट ठेवून वाचतेय, शब्द न् शब्द. परत पहिल्यापासून वाचतेय.

अंगातला कोट तिला फार मोठा होतोय. बाह्या दुमडल्यात.

तपकिरी आहे.

आत्ता तिने डोळे पुसायला हात वर केला, आणि कोपराचं लाल ठिगळ दिसलं.

ताई, तू भाजी आणायलाही बाहेर पडत नव्हतीस. आता तू इथे आहेस, आणि कोट तुझ्या अंगात आहे. बाबांबद्दल मला विचारायचं होतं ते आता विचारायला नको.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, हातात घेऊन खाली येतोय. वरची चार पानं मला मोठ्याने वाचायची आहेत, हळू, तू कोट काढायच्या आधी.

तुझा,
दहा आठवडे उशिरा,
भिंगरी