खिशातले हात

मंगळवार, १० फेब्रुवारी, शारजा

लॅबमधल्या मारिसेलनं आज लंचमध्ये आजोबांचा फोटो दाखवला. फिलिपिन्सहून अमेरिकेला गेलेले. झकास सूट, दोन्ही हात खिशात. म्हटलं, काय ऐट!

ती हसली. "सूट मित्राचा. तिथं शेतात लेट्यूस कापून हात फाटलेले, ते गावी त्यांच्या आईला दिसू नयेत म्हणून खिशात."

फिलिपिनो म्हणून राहायला खोलीसुद्धा कुणी देईना म्हणे. मग गेले कशाला? तर त्याआधी गावात अमेरिकेहून कुणाचा तरी असाच सुटातला फोटो आला होता!

संध्याकाळी लॅब सुटताना म्हणाली, "आईला पाठवायला माझा एक फोटो काढ ना." केमिकलनं तिची बोटं सोललीयत. उभी राहिली, छान हसली, आणि हात कोटाच्या खिशात.

जवळ गेले. म्हटलं, "हात काढ गं बाहेर. नुसता चेहरा घेतेय."