विषवेलीच्या कांड्या

४ मार्च
विषवेलीच्या चारशे कांड्या वाळूत लावल्या. निम्म्या बाबांनी कापल्या, निम्म्या मी. खालचं टोक तिरपं, वरचं सरळ — म्हणजे लावताना विचार नको, तिरपं टोक वाळूत. मुळांपासून कीडनाशक बनवणाऱ्यांना मेअखेर रोपं हवीत.

११ मार्च
पाणी घातलं. बाकी काही नाही.

२९ मार्च
दीडेकशे काळ्या पडल्या! एक उपटली. फुटव्याचे डोळे जमिनीकडे तोंड करून. म्हणजे शेंडा खाली गेलाय! पण तिरपं टोक तर वाळूतच होतं. कापतानाच घोळ झाला.
बाबा एकाहत्तर वर्षांचे. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात. विचारलं. म्हणाले, "चुकलं असेल." एवढंच! एरवी मिठावरूनसुद्धा हुज्जत घालणारा माणूस.

३० मार्च
सुरी मागून घेतली. "आता बसा निवांत." त्यांनी पातं पुसलं, मूठ माझ्याकडे केली. चाळीस वर्षं त्यांच्या हातात होती. वाईट वाटलं. पण माझ्या वाईट वाटण्याने रोपं उगवत नाहीत.

१ एप्रिल
दोनशे नव्या कांड्या, एकटीने. बाबा पानांसकट कापायचे, मग पानं खुडायचे. मी यंदा पहिल्या दिवसापासून आधी सगळी पानं काढून टाकते. काम निम्म्या वेळात. बाबा दारात येऊन उभे राहिले. "कापेपर्यंत पानं असू दे की."
"बाबा, जा ना, पडा जरा."
गेले. आई आतून म्हणाली, "गोडीत बोलावं गं."

१२ एप्रिल
बाबा रोपांच्या शेडकडे फिरकत नाहीत. दाराच्या बिजागरीला तेल घालतात. एकाच बिजागरीला, तीनदा.

२६ एप्रिल
परत काळ्या. ऐंशी मोजल्या. उपटून पाहिल्या — सगळ्या उलट्या. यात बाबांची एकही नाही.
पानं गेली की वेलीचं बुड कुठलं, शेंडा कुठला, मला ओळखू येत नाही. इतकी वर्षं येतं असं वाटत होतं! लाज वाटली. जेवले नाही.

२७ एप्रिल
आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती, मान वर केली नाही. "मार्चमधल्याही तुझ्याच होत्या, त्यांना ठाऊक आहे. तू विचारलंस ना, त्याच दिवशी वाफा बघून आले. स्वतःचा काप ओळखतात ते. म्हणाले, तिला बोलू नकोस, हे काम सोडून देईल ती."
बाबा अंगणात बसलेत. जाऊन काय बोलू?