तीस किलोमीटरपर्यंतच

४ ऑगस्ट, सकाळी
करार आला. बेचाळिसाव्या वर्षी व्यावसायिक धावपटूला मॅरेथॉनचा करार येतो, याचा अर्थ ज्याचा त्याने लावावा.
काम पेसमेकरचं. म्हणजे पहिले तीस किलोमीटर ठरलेल्या वेगाने सगळ्यांच्या पुढे धावायचं, वारा आपण खायचा, आणि तिसाव्याला मुकाट्याने बाजूला व्हायचं. उरलेले बारा दुसऱ्यांनी धावायचे आणि जिंकायचं. आमच्या धंद्यात याला ससा म्हणतात. मला हा शब्द पसंत नाही.
नियमावली दोनदा वाचली. पेसमेकर शेवटपर्यंत धावला तर त्याचा नंबर धरतात. लोक नियमावली वाचत नाहीत, तिथेच फसतात.
निश्चय: तिसाव्याला थांबायचं नाही. जिंकायचं. कोणाला सांगायचं नाही.

४ ऑगस्ट, दुपारी
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी धाप थांबू द्या, मग सांगा. (लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यावर कोणालाही धाप लागते.)

६ ऑगस्ट
करार मेहुण्याने मिळवून दिला म्हणे. याच शर्यतीत तो धावतोय, जिंकणार तोच असं सगळे धरून चालले आहेत. आयोजकांना म्हणाला, भाऊजी पुढे असतील तर मी येतो. यात उपकार कसले? त्याला घडवला कोणी? बायकोचा हा धाकटा भाऊ सोळाव्या वर्षी आमच्याकडे राहायला आला तेव्हा नुसती काडी होता. तीन वर्षं त्याची वेळापत्रकं मी आखली. चार रंगांत. मला स्वतःला कोणीही शिकवलं नाही. पुस्तकं, घड्याळ आणि डोकं, बस.
त्याला हरवावं लागणार याचं वाईट वाटतं. हरल्यावर त्याची समजूत कशी काढायची, त्याचं छोटं भाषण लिहून ठेवलं.

११ ऑगस्ट
आजपासून पहाटे पाचला उठायचं.
सव्वासातला उठलो. शरीर विश्रांती मागतं तेव्हा ती द्यावी, हे अर्धवट कोचना कळत नाही.
बुटांची टाच मोजली. डावी उजवीपेक्षा दोन मिलिमीटर जास्त झिजली आहे. कंपनीला कडक भाषेत लिहिलं.

१९ ऑगस्ट
लांबची धाव. ठरवले बत्तीस, झाले अठरा. कारणं: समोरचा वारा, सिग्नल, कुत्रं. कुत्रं मागे लागलं नाही, पण त्याची नजर चांगली नव्हती.
बसने परतलो. कंडक्टरने मला घामाघूम पाहून विचारलं, आधीची चुकली का.

२ सप्टेंबर
गुडघा कुरकुरतोय. फिजिओकडे गेलो. तिथल्या मुलीने (तिशीची असेल) माझं वय दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा लिहून घेतलं. म्हणाली, धावायला हरकत नाही, पण कशासाठी? एवढं शिकून हे असे प्रश्न.
घरी येऊन स्वतःच निदान केलं. गुडघा उत्तम. लक्ष वेधून घेतोय फक्त.

२० सप्टेंबर, संध्याकाळी
उद्या शर्यत. हॉटेलच्या हॉलमध्ये धावपटूंची बैठक झाली. तिथे कळलं की पेसमेकर दोन आहेत. दुसरा पंचविशीतला, हूं की चूं करत नाही, पायांत हाडं आणि शिरा सोडून काही नाही.
शर्यतीच्या संचालकाला कोपऱ्यात घेऊन विचारलं, हा कशाला? तो म्हणाला, राखीव. तुम्ही पुढे राहा, हा गटात राहील, न जाणो काही झालं तर. मी विचारलं, काय होणार आहे? तो म्हणाला, काहीच नाही हो, तुमच्या मेहुण्यानेच सुचवलं.
मेहुणा तिथेच बसून केळं सोलत होता. म्हणाला, भाऊजी, तुमच्यावर ताण नको म्हणून. ताण! माझ्यावर!
घरी फोन लावला. बायकोला सगळं आधीपासून माहीत. म्हणाली, अहो, त्याला तुमची काळजी वाटते, त्यात चिडण्यासारखं काय आहे?
घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. ठीक आहे. उद्या दाखवतो.

२१ सप्टेंबर, संध्याकाळी
सगळं क्रमाने लिहितो, म्हणजे पुढे कोणी विपर्यास करायला नको.
पहिल्या किलोमीटरला मी ठरल्यापेक्षा सोळा सेकंद लवकर. शर्यतीच्या पुढे घड्याळ लावलेली गाडी असते. तिच्यातला माणूस खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हळू, हळू ओरडत होता. मी आणखी वाढवलं.
पाचव्याला मागे पाहिलं. कोणीच नाही. एकालाही माझा वेग झेपला नाही! चौदा वर्षांच्या कारकिर्दीत इतका मोकळा रस्ता मला मिळाला नव्हता.
आठव्याला ती गाडी हळू झाली, मी तिच्या पुढे गेलो आणि ती मागे गटाला जाऊन मिळाली. पुढची गाडी मागे! फितुरीला काही सीमा?
पुढच्या चौकात दोरी धरून एक स्वयंसेवक बाई उभ्या होत्या. गाडी दिसेना, मी एकटाच दिसलो. म्हणाल्या, काका, बाजूला व्हा, शर्यत येतेय. मी म्हटलं, शर्यत मीच आहे. त्या म्हणाल्या, हो हो, पण फुटपाथवरून.
तिथे चांगली तीन मिनिटं गेली.
बाराव्याला गट आला. दुसरा पेसमेकर माझ्याकडे न बघता निघून गेला. मेहुण्याने मात्र बघितलं. धावता धावता म्हणाला, भाऊजी, पाणी प्या आणि सावलीत बसा. भर शर्यतीत, सगळ्यांच्या देखत.
चौदाव्याला मी डावपेच म्हणून थांबलो. मागून थकलेल्यांना गोळा करणारी गाडी येते, तिच्यात बसलो. शेजारच्याच्या पायाला फोड आला होता, त्याने मला अर्धं बिस्कीट दिलं. मेहुणा जिंकल्याचं ड्रायव्हरच्या रेडिओवर कळलं.
भाषण खिशात तसंच राहिलं.

२२ सप्टेंबर
पेपरात मेहुण्याची मुलाखत. तुम्हाला कोणी घडवलं? मी चष्मा पुसून वाचलं. उत्तर: ताईने. म्हणे तीन वर्षं ती पहाटे पांघरूण ओढायची आणि सायकलवरून शेजारी घड्याळ धरून यायची. भाऊजींची वेळापत्रकं फार सुरेख असायची, एक मी फ्रेम करून घेतलंय.
पेपर बायकोसमोर ठेवला. ती बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, कोणीतरी जायला हवंच होतं ना, तुम्ही झोपलेले असायचात.
तीन वर्षं ही बाई पहाटे दूध आणायला जाते असं मी समजत होतो.
मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, तुम्ही कुठे विचारलंत? आणि मग पुढचा बटाटा उचलत, तुम्ही इतके खूश असायचात त्या रंगीत पेन्सिली घेऊन.
आज जेवलो नाही. (रात्री थोडं जेवलो.)

९ ऑक्टोबर
संचालकाचा फोन. मला वाटलं, माफी मागेल. पण पुढच्या महिन्यात हौशी लोकांची मॅरेथॉन आहे, तिथे पाच तासांच्या गटाला पेसमेकर हवाय. पाठीला झेंडा बांधायचा, त्यावर ‘५ तास’, आणि लोक मागे चालत-पळत येतात. मी नाही म्हणणार होतो. पण तो म्हणाला, यात शेवटपर्यंत जायचं असतं.
म्हणजे अखेर त्यांना कळलं, शेवटपर्यंत जाणारा माणूस कोण ते.
पाच तास म्हणजे माझ्यासाठी झोपेत चालणं. सरावाची गरज नाही. बायको म्हणाली, हवं तर सकाळी मी सायकल काढते. नको म्हटलं. एकदा विश्वास उडाला की उडाला.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळी
गटात चाळीसएक माणसं. बहुतेक बँकेतली, काही निवृत्त. त्यांना विसाव्यापर्यंत श्वासाचं शास्त्र समजावलं. पंचविसाव्यानंतर त्यांनीच बोलू नका म्हणून सुचवलं.
एकतिसाव्याला गुडघ्याने दगा दिला. बाकी सगळ्यांनी देऊन झालाच होता. कडेला टेकलो. एक निवृत्त बाई थांबल्या, पाणी दिलं, कपाळाला हात लावून पाहिला. मग माझ्या पाठीवरची गाठ सोडत म्हणाल्या, रागावू नका हं भाऊ, पण आम्हाला उशीर होतोय. झेंडा स्वतःच्या पाठीला बांधला आणि सगळा गट त्यांच्या मागे गेला. एकानेही वळून पाहिलं नाही.
मी उठलो. गाडीत बसलो नाही. चालत गेलो, पण गेलो.
पोचलो तेव्हा शेवटच्या रेषेवरची कमान उतरवत होते. शिडीवरच्या माणसाने विचारलं, कोणाला शोधताय? मी म्हटलं, पाच तासांचा गट.
तो म्हणाला, ते तर बरोबर वेळेवर आले.