तिसऱ्या मजल्यावरची कालिंदी

२ जानेवारी, सकाळ

नवी डायरी. आमच्या दवाखान्याला टूथपेस्टवाल्यांनी फुकट दिली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक दाढ हसते आहे. संकल्प: रोज लिहायचं. थोडक्यात आणि खरं तेवढंच.

परवा बायकोबरोबर मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आलो. डॉक्टरीणबाईंनी आमची फाईल मिटली आणि म्हणाल्या, यापुढे मी काही सुचवणार नाही. म्हणजे त्यांच्या बाजूचं सगळं करून झालं, आता फक्त आमची वेळ यायची आहे. कुठलाही डॉक्टर पेशंटवर इतका विश्वास उगाच टाकत नाही. बसमध्ये बायको सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. तिला आनंद पचवायला वेळ लागतो.

मुलगीच होणार. आतून वाटतं. तर मग आता नावाचं बघायला हवं. बायकोला इतक्यात काही सांगायचं नाही. सरप्राईज.

५ जानेवारी

या कामाला माझ्याइतका लायक माणूस शोधून सापडणार नाही. लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसतो. दिवसभर नावं पुकारणं हेच काम. कुठलं नाव हॉलच्या टोकापर्यंत जातं आणि कुठलं पंख्यातच अडकतं, ते मला झोपेतही सांगता येईल.

आज 'आर्या' पुकारलं. चार मुली उठल्या. एक मुलगाही उठला, त्याला आईने खाली बसवलं. मग आत दात काढतात हे आठवून चौघीही बसल्या. डॉक्टरसाहेब आतून ओरडले, कोणीतरी पाठवा! आमच्या मुलीच्या बाबतीत हे चालणार नाही. हाक मारली की तीच उठली पाहिजे.

आणि चांगली चांगली नावं धूळ खात पडली आहेत. मंदाकिनी, कुमुद, दमयंती, वत्सला, कालिंदी. काय वाईट आहे त्यांच्यात? पण सगळ्यांना दोन अक्षरांत आटपायचं असतं. या नावांचा कोणीतरी प्रचार करायला हवा. मी करीन. मात्र आमच्या मुलीचं नाव ठेवून झाल्यावर. नाहीतर पुन्हा चौघी उठायच्या.

११ जानेवारी, रविवार

मधले दिवस लिहिलं नाही. 'रोज लिहायचं' हा संकल्प 'नियमित लिहायचं' असा दुरुस्त केला.

बायको तिच्या बहिणीकडे गेली होती. संधी साधून गॅलरीत हाकांची टेस्ट घेतली. नाव कागदावर सुंदर दिसून काय उपयोग? ते आयुष्यभर पुकारावं लागतं. मी तीन तऱ्हेच्या हाका काढल्या आहेत. लाडाची, रागाची, आणि संध्याकाळी खेळ थांबवून वर ये अशी. तिन्हीत टिकेल ते नाव खरं.

मंदाकिनी: लाडाला उत्तम. पण रागाने म्हणायला गेलो तर शेवटपर्यंत पोचेस्तोवर रागच उतरला. शिस्तीच्या दृष्टीने धोका.
कुमुद: तोंडातून निघून गॅलरीच्या कठड्यावरच बसतं. खाली जातच नाही.
दमयंती: दम लागला.
वत्सला: रागाची हाक फार चांगली येते. इतकी की खालच्या मजल्यावरच्या काकांनी दार लावून घेतलं.

कालिंदी बाकी आहे. घसा बसला.

१८ जानेवारी, रविवार

कालिंदी!

काय नाव आहे! शेवटची वेलांटी हवी तेवढी लांबवा, तुटत नाही. लाडाच्या हाकेत आपोआप 'कालू' होतं. रागाच्या हाकेत 'का'वर जोर देता येतो. आणि संध्याकाळची हाक तर थेट गेटपर्यंत गेली. वॉचमनने वर बघून हात केला. खाली खेळणारी पोरंही थांबून वर बघायला लागली.

निर्णय झाला. पाठ थोपटायला कोणी नव्हतं, स्वतःच थोपटली. आता रोज संध्याकाळी, बायको भाजी आणायला गेली की, एकदोन हाका मारायच्या. तोंडात बसलं पाहिजे.

२४ जानेवारी

फ्रिजच्या दारातला इंजेक्शनचा डबा बायकोने काढून टाकला. तिथे लिंबं ठेवली आहेत. विचारलं तर म्हणाली, मला आता ते दिसायला नको. बरोबरच आहे. त्यांची गरज संपली. मीही हेच म्हणत होतो.

रात्रीचं जेवण झाल्यावर ती हळूच म्हणाली, आपण एकदा नीट बोलायला हवं. म्हटलं, बोलू ना, घाई काय आहे? आणि भांडी घासायला घेतली. नवऱ्याने अशा दिवसांत घरकामात मदत करावी.

३१ जानेवारी

सरप्राईज फक्त मीच देत नाही असं दिसतं!

संध्याकाळी घरी आलो तर छोट्या खोलीत रंगारी. अडगळ सगळी बाहेर. फिका पिवळा रंग. लहान मुलांच्या डोळ्यांना तोच चांगला, कुठेतरी वाचलं आहे. बायको दारात उभी राहून रंगाऱ्याला सूचना देत होती. खिडकीजवळ भरपूर उजेड हवा आहे म्हणाली. मला भरून आलं. काही बोललो नाही. तिचं सरप्राईज कशाला फोडा?

८ फेब्रुवारी, रविवार

आज जिन्यात तळमजल्यावरची दातपडकी भेटली. पुढचे दोन दात पडले आहेत म्हणून मी तिला तसं म्हणतो. तीही रागावत नाही, मला 'दाढवाले काका' म्हणते. तिने वाट अडवून विचारलं, काका, तुमची कालिंदी खाली का येत नाही? तुम्ही तर तिला रोज वर बोलावता.

म्हटलं, ती सध्या मामाकडे आहे.

याला खोटं म्हणता येणार नाही. ती यायची आहे हे खरंच आहे. कुठून, एवढाच तपशील वेगळा.

१५ फेब्रुवारी

मुलांना फार चौकशा असतात. आज चौघांनी घेरलं. कितवीत आहे? दुसरीत. (रांगणारं मूल कोण खेळायला घेतंय?) काय आवडतं? पोहायला. घाबरते का? फक्त पालीला. अक्षर कसं आहे? मोत्यासारखं, पण गणितात धांदरट. केस? दोन वेण्या, एक नेहमी सुटलेली.

हे सगळं मी न अडखळता सांगितलं. एकदाही विचार करावा लागला नाही. बापाला माहीत असतं.

पोरांनी तिला लपाछपीत घेतलं आहे. कालिंदी अजून एकदाही सापडलेली नाही, त्यामुळे तिचा पहिला नंबर आहे. घरी येईपर्यंत मी हसत होतो. दार बायकोने उघडलं. काय झालं विचारलं. म्हटलं, कुठे काय.

२० फेब्रुवारी

छोट्या खोलीत लांब टेबल आलं. बाळाचे कपडे बदलायला असणार, पण फारच लांब आहे. त्यावर मी झोपलो तरी पायही मावतील.

२२ फेब्रुवारी

टेबलाच्या मागोमाग शिलाई मशीन आलं. मग दोऱ्यांच्या रिळांची फळी. दारावर पाटी: 'कपड्यांची दुरुस्ती, पडदे, अभ्रे शिवून मिळतील.' बायको म्हणाली, खोली नुसती पडून राहिली की मला आत जाववत नाही. आता मी तिथे काम करणार आहे. कायमचं.

कायमचं म्हणजे मुलगी रांगायला लागेपर्यंत. सुया सांडल्या तर पंचाईत होईल, तेवढं नंतर बोलून घेईन. उद्योग चांगलाच आहे. मन रमतं.

रात्री ती पाठ करून झोपली होती. मी नाव सांगून टाकणार होतो. दोनदा तोंड उघडलं. पण सरप्राईजचं सगळं गणित वेळेवर असतं.

२७ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेबांना वर्षाअखेरीच्या रजेचं आत्ताच सांगून ठेवलं. कशासाठी विचारलं तर म्हटलं, बाळ. ते खुर्चीतून उठले. हात हातात घेऊन हलवत राहिले. त्यांना आमची सगळी धावपळ माहीत आहे. डोळे ओले झाले त्यांचे. कितवा महिना, विचारलं. म्हटलं, महिने अजून सुरू व्हायचे आहेत.

त्यांनी हात सोडला. पण सावकाश सोडला. मग म्हणाले, तुम्ही आज लवकर घरी जा.

किती मोठ्या मनाचा माणूस! लवकर घरी गेलो नाही. गेलो असतो तर बायको बोलायला बसली असती.

५ मार्च, सकाळ

घोटाळा झाला आहे. दाढी करत होतो. बेल वाजली. बायकोने दार उघडलं. दातपडकीचा आवाज. रविवारी तिचा वाढदिवस आहे. तिने स्वतः रंगवलेलं कार्ड आणलं होतं. ती म्हणाली, काकू, हे कालिंदीला द्या. ती मामाकडून तोपर्यंत येईल ना? तिच्यासाठी टोपी पण केली आहे.

नळ बंद केला. बायको आता काय सांगते ते ऐकायचं होतं. माझी खात्री होती, ती म्हणेल, येईल हं.

ती म्हणाली, कार्ड फार सुंदर झालंय बाळा. आणि दार लावलं.

मी अर्ध्या दाढीने कामाला निघून गेलो.

५ मार्च, संध्याकाळ

बायको टेबलापाशी बसली होती. मशीन बंद. समोर कार्ड. कालिंदी कोण, तिने विचारलं. म्हटलं, पोरांचे काहीतरी खेळ, लहान मुलांना काहीबाही रचायची सवयच असते. ती म्हणाली, मी खाली जाऊन त्या पोरीला भेटून आले. कालिंदी दुसरीत आहे म्हणे. पालीला घाबरते म्हणे. पालीला तू घाबरतोस.

मला हसू आलं. तिलाही आलं असावं, पण ते मधेच मोडलं.

मग तिने विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या ते तू ऐकलं होतंस ना? म्हटलं, ऐकलं होतं. म्हणाली, सांग. म्हटलं, यापुढे मी काही सुचवणार नाही. म्हणाली, त्याच्या पुढचं वाक्य सांग.

ती मला सोडायला तयार नव्हती. शेवटी सांगितलं. तुम्हाला मूल होणं आता शक्य नाही, स्वतःला आणखी त्रास देऊ नका.

हे वाक्य मी डायरीत लिहिलं नव्हतं. जागा होती, तरी नाही लिहिलं.

ती म्हणाली, हे मी दोन महिने एकटीने वागवते आहे. तुझ्याशी बोलायला आले की तू भांडी घासतोस. नंतर म्हणाली, मीही एक नाव ठरवलं होतं. केव्हाच. तू साऱ्या बिल्डिंगला ऐकवलंस, मला एकदा विचारलंही नाहीस.

मी विचारलं, कोणतं? ती म्हणाली, आता नको. मी म्हटलं, मला सरप्राईज द्यायचं होतं. हे बोलल्यावर कपाळाला हात लावायची वेळ माझीच होती. ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली. खांद्यावर डोकं ठेवलं. अर्धी दाढी टोचते म्हणाली. मग रडायला लागली.

७ मार्च

मी बायकोला म्हटलं, पोरांना सांगू की ती मामाकडेच राहणार, शाळाही तिकडेच घेतली. कोणाचं मन मोडायला नको. बायको म्हणाली, ती पोरगी टोपी घेऊन गेटपाशी बसून राहील. तू सांगितलंस, तूच जाऊन खरं सांग. मी येणार नाही. माझ्याच्याने होणार नाही.

बरं म्हटलं.

८ मार्च, रविवार

बायकोने पडद्याच्या उरलेल्या पिवळ्या कापडाची छोटी पिशवी शिवून दिली. ती घेऊन खाली गेलो. केक कापून झाला होता. दातपडकीला बाजूला घेतलं. सांगितलं, कालिंदी नाही येणार. ती म्हणाली, मामा पाठवत नाही? म्हटलं, तिला मामा नाही. ती कुठेच नाही. मला वाटलं होतं ती येईल, म्हणून मी आधीच नाव ठेवलं.

तिने विचारलं, मग तुम्ही हाका कुणाला मारत होतात?

कुणालाच नाही, असं सांगितलं.

ती बरं म्हणाली. जवळ कोणी नाही ना बघून माझ्या हातावर जरा थोपटलं, आणि खेळायला पळाली. त्यांनी राज्य कोणावर ते ठरवायला घेतलं. एक गडी कमी धरून मोजलं.

वर आलो. बायको दारातच उभी होती. सांगितलंस का, विचारलं. सांगितलं म्हटलं. मला तिच्यासमोर उभं राहवेना, तिथे उंबऱ्यावरच बसलो. खूप रडलो. शेजाऱ्यांनी ऐकलं असेल. ऐकू दे.