बॅरल कापल्याची हकीगत

चौसाळा, ता. जि. बीड
माघ पौर्णिमेनंतरचा सोमवार

आदरणीय शहादेव दाजी यांस,

मेहुणा माणिक याचा सप्रेम जय भीम, आणि पारूबाईचाही (तिनं आत्ताच चुलीपुढून ओरडून सांगितलं, 'माझा येगळा लिवा, तुमच्यात घालू नका'). इकडे सर्व ठीक आहे. म्हणजे पाणी नाही, चारा नाही, ज्वारी नाही, बाकी सर्व ठीक. तुमचे गुडघे काय म्हणतात? साखर वाढली तरी सूनबाईपासून लपवून जिलेबी खाणं चालूच आहे? (मला भाच्यानं सगळं सांगितलंय.) फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर फोनवर तुम्ही 'बरं बरं, बघू' म्हणता आणि ठेवून देता. पत्र निदान शेवटपर्यंत वाचाल, एवढी आशा आहे.

मुद्दा एकच. भामाआक्का गेली, तिचं वर्ष झालं, आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकून एस.टी.त चढताना तुम्ही मला म्हणालात, 'माणिक, आता हितं कुणासाठी यायचं? अन् यंदा तर हुरडाबी न्हाई.' दाजी, ते बोलणं मला अजून पटलेलं नाही. दर साली हुरड्याच्या दिवसांत तुम्ही दोघं यायचात, आगटीपुढं बसायचात, आमच्या गावाला नावं ठेवायचात आणि जाताना पिशवीभर हुरडा न्यायचात. तो नेम मोडू नये, एवढंच मला पाहिजे. आक्का गेली हे खरं. पण तिच्याबरोबर दाजीही गेले, हे मला मंजूर नाही. (इतकी वर्षं दूध सोसायटीचा सचिव होतो, नामंजूर कसं करायचं ते मला चांगलं कळतं.)

त्याच कार्यक्रमात भाच्यानं मला टॉवेल-टोपीऐवजी दोन पुस्तकं दिली होती. शिकलेली पोरं आहेर असाच करतात. एकात निखाऱ्यावर नाना प्रकार भाजायच्या कृती, त्याला बार्बेक्यू म्हणतात. दुसऱ्यात घरच्या घरी, आपल्या हातानं वस्तू बनवायच्या युक्त्या. सोसायटी बंद पडल्यापासून मला वेळच वेळ आहे, त्यामुळं दोन्ही पुस्तकं अगदी शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यासकट वाचून काढली. वाचता वाचता डोक्यात आलं, की हुरडा नाही तर नाही, भाजणं तर आहे! पाऊस पडला नाही म्हणून निखारा थोडाच आटतो? आधी इथं रंगीत तालीम करायची, आणि जमलं की दाजींना बोलावणं धाडायचं. ठराव मीच मांडला, अनुमोदन मीच दिलं आणि सर्वानुमते मंजूर केला. पारूबाई त्या सभेला हजर नव्हती, तिथंच घोटाळा झाला.

पुस्तकातल्या शेगडीला लोखंडी बॅरल लागतो. तो उभा चिरायचा, एका अर्ध्याला पाय लावायचे, दुसऱ्याचं झाकण करायचं. आता आमच्या घरात बॅरल एकच, आणि तो टँकरच्या पाण्यासाठी रस्त्यावर रांगेत उभा असतो. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण पुस्तकात लिहिलं होतं, 'जुना, वापरात नसलेला बॅरल घ्यावा', आणि टँकर आठवडाभर फिरकला नव्हता, म्हणून आमचा बॅरल वापरात नाही असा मी अर्थ लावला. (सोसायटीच्या पोटनियमांचे अर्थ मी असेच लावायचो, तेव्हा कुणाची हरकत नसायची.) वेल्डिंगवाल्याकडून तो चिरून आणला, आणि दारात उतरवतोय तोच कोपऱ्यावर टँकरचा हॉर्न वाजला. पारूबाई बाहेर आली. बॅरलच्या दोन फाका बघितल्या. घरातली पातेली, कळशी, परात, दुधाची किटली, कुकर, सगळं तिनं नेऊन रांगेत मांडलं, आणि कुकर भरून झाल्यावर एवढंच म्हणाली, 'वन्सं आसत्या तर त्येंनी तुमालाच चिरलं आसतं.' पुढं कित्येक दिवस माझी आंघोळ त्या कुकरातल्या पाण्यावर चालली होती, तेही शिट्टी काढून घेतलेल्या.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. पण बॅरल चिरून झाला होता, आता न भाजता थांबलो तर तो फुकट गेला असता. कोंबडा कापला, येसराचा मसाला आणि लसूण चोळून ठेवला. (पुस्तकात व्हिनेगर होतं. आमच्या किराणा दुकानदारानं त्या नावाखाली मला फिनेल दाखवलं, तेव्हा तो विषय सोडून दिला.) पुढं पुस्तकात सक्त ताकीद होती, की शेगडी घरापासून लांब, मोकळ्या हिरवळीवर मांडावी. मी नियमानं चालणारा माणूस. पण हिरवळ आणायची कुठून? यंदा कपिलधारच्या धबधब्याला सुद्धा नुसता खडक दिसतो. साऱ्या शिवारात हिरवं म्हणून उरलं होतं ते एकाच ठिकाणी, सेवा सोसायटीच्या चारा छावणीत. तिथं ट्रकनं आलेल्या उसाचा हिरवागार ढीग पडला होता. त्याच्या शेजारी मी शेगडी मांडली.

छावणीत आपला बंकट त्याच्या म्हशीजवळ मुक्कामाला होता. (तोच, ज्याच्या मेंढ्या पूर्वी आपल्या रानात बसायच्या.) तो म्हणाला, 'का रं माणक्या, जित्राबाच्या म्होरं जाळ?' मी त्याला पुस्तकातलं चित्र दाखवलं. चित्रातली तांबूस कोंबडी बघून त्याची हरकत मावळली आणि तो फुंकर घालायला बसला. कोंबड्याची चरबी निखाऱ्यावर गळायला लागली, वारा फिरला, आणि असा धूर उठला की एका बैलानं दावं तोडलं. एकानं तोडलं म्हणून दुसऱ्यानं तोडलं. कुणीतरी बोंबललं, 'छावणी पेटली!' झालं, जनावरांना पाजायला आलेल्या टँकरचा पाइप ड्रायव्हरनं माझ्या शेगडीवर सोडला. दाजी, त्या दिवशी अख्ख्या छावणीत माझा कोंबडा सोडून काहीही भाजत नव्हतं, पण टँकर रिकामा होईपर्यंत ऐकतं कोण? बंकटची म्हैस हायवेनं मांजरसुंब्याच्या दिशेनं निघाली ती एका ढाब्यावाल्यानं वळवून आणली.

सेवा सोसायटीचे चेअरमन धोंडीराम आले, त्यांनी उभ्या उभ्या निकाल दिला. पाणी गेलं ते गेलं, शेगडी जप्त. आता अर्ध्या बॅरलात जनावरं पाणी पितात आणि अर्ध्याची गव्हाण झालीय. पहिला मान बंकटच्या म्हशीचा. (पुस्तकात या उपयोगाचा कुठंही उल्लेख नाही.) भिजलेला कोंबडा पारूबाईनं धुऊन रस्सा केला आणि बंकटलाही वाढला. रस्सा लई चांगला झाला होता, हे मी तिच्यापुढं कबूल केलं नाही.

तो रस्सा ओरपताना मला बहात्तरचा दुष्काळ आठवला, दाजी. तुमचं नवं लग्न. आक्का माहेरी आलेली, आम्ही सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. हुरड्याचे दिवस आणि शिवारात एक कणीस नाही. आक्कानं रेशनचा लाल मिलो खापरावर भाजला, वर मीठ-मिरची टाकली आणि म्हणाली, 'ह्योच हुरडा समजा.' दातांचा पार भुगा झाला, पण आपण हसत हसत खाल्लं. मग सोसायटीचे बरे दिवस आले, मळ्यात गुळभेंडी ज्वारी डोलायला लागली. आक्का आगटीतलं गरम कणीस तळहातावर चोळायची, पहिली मूठ तुम्हाला द्यायची आणि मला म्हणायची, तू दुधाचं माप मारतोस, तू शेवटी.

मिलो खायला तेव्हा तुम्ही तुमच्या गावाहून, नेकनूरहून, पायी आला होता. मिलोसाठी कुणी पायी येत नाही. तेव्हा हुरडा नाही म्हणून येत नाही, हे कारण मी फेटाळतो. मला तुमची लई आठवण येते. पारूबाई या घरात आली तेव्हा आक्का पोक्त झाली होती. परकर-पोलक्यातली, झाडावर चढणारी, पोरांना दगड मारणारी आक्का मी पाहिली, आणि नवी नवरी होऊन लाजणारी तुम्ही पाहिली. आपण दोघं एका जागी बसलो तरच ती पुरी होते.

कळावे. लोभ आहेच, पण तो नुसत्या फोनवर वाढत नाही.

आपला मेहुणा,
माणिक

ता. क. तुमच्या तिकडे वाळूजच्या कंपन्यांत जुने लोखंडी बॅरल मिळतात असं ऐकलंय. येताना एक आणावा. माझं घरातलं स्थान त्यावर अवलंबून आहे.

ता. क. २. पारूबाईनं वरचं वाचून घेतलं. ती म्हणते, बॅरल-बिरल काही आणू नका, दाजींना लाज वाटेल असं लिहू नये. नुसतं या म्हणावं. (तरी पण बॅरलचं बघा.)

ता. क. ३. हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. टाकलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तरात काय असतं ते मला ठाऊक आहे. म्हणून स्वतःच घेऊन आलोय. तुम्ही हे वाचताय तेव्हा मी तुमच्या समोरच्या खुर्चीत बसून पेपर वाचायचं सोंग करतोय. तोंडानंच सांगणार होतो, पण आक्काचं नाव निघालं की माझा आवाज बसतो. तेव्हा आता तुम्हीही काही बोलू नका, दाजी. उठा आणि पिशवी भरा.