सोमवारचं पाणी

११ एप्रिल, मंगळवार

ऊन हवं होतं, तर बर्फ पडतोय!

बसमधून उतरलो तेव्हा नुसती भुरभुर होती. घरमालकीण हेद्विगाबाईंच्या दारापर्यंत चढून येईतो बूट बुडाले. इम्रो म्हणाला, एप्रिलचा बर्फ, उद्या दुपारपर्यंत जाईल. जन्म रेल्वेत गेला माझ्या नवऱ्याचा, गाडीची वेळ कधी बरोबर सांगितली नाही, हवा काय सांगणार!

खोली तीन खाटांची. वाव्रोनेच ठरवली होती, नाताळात, बापाच्या साठीची भेट म्हणून. आम्ही नाही म्हणू नये म्हणून पैसेसुद्धा आधीच भरून टाकले. "हंगाम संपताना जाऊ. ऊन असतं, गर्दी नसते. आई बाहेर खुर्ची टाकून बसेल आणि आम्ही किती वाकडे वळतो ते ओरडून सांगेल." शाळेत पोरांना स्की शिकवण्यात माझा घसा कायमचा गेला, त्याची ही चेष्टा. फेब्रुवारीत तो दोन मित्रांबरोबर इथेच आला, डोंगरापलीकडच्या मागच्या घळीत उतरला आणि वरून बर्फाची दरड आली. मित्र वाचले. वाव्रो अजून तिथेच आहे.

बचाव पथकाचा चिरिल मार्चमध्ये फोनवर म्हणाला होता, ईस्टरच्या सुमाराला घळीतला बर्फ उतरतो, तेव्हा कुत्री घेऊन पुन्हा शोधू. म्हणून आलो. शेजारणीला सांगितलं, स्कीला चाललोय. ती बघतच राहिली. राहू दे.

हेद्विगाबाईंनी तिसऱ्या खाटेवरही धुतलेली चादर घातली आहे. काढून नेऊ का, असं मला जिन्यात हळूच विचारलं. नको म्हटलं. इम्रोने त्या खाटेवर आमचे ओले हातमोजे पसरले. मी ते उचलून रेडिएटरवर टाकले.

१२ एप्रिल, बुधवार

गुडघाभर!

नाश्त्याला खाली गेले तर क्राकोवहून आलेलं पोलिश कुटुंब खिडकीला चिकटलेलं. बाप दातांचा डॉक्टर, हसरा माणूस. या दिवसांत बर्फ मिळणार नाही, चिखलात फिरू, अशा तयारीने आले होते म्हणे. मला पाहून म्हणाला, "तुम्ही काल आलात आणि हा बर्फ घेऊन आलात! तुमचा पायगुण, मॅडम!" हेद्विगाबाईंनी घाईने चहाचा ट्रे त्याच्या पुढ्यात ठेवला. मी म्हटलं, हो, चांगला आहे बर्फ. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! पोरं गोड आहेत त्याची. धाकट्याला माझ्या पुढ्यातला मध दिला.

दुपारी चिरिल आला. दारातच टोपी काढून हातात धरली, तेव्हाच कळलं. हा माझाच विद्यार्थी, सातवीत डाव्या पायाची स्की उजव्या पायात घालायचा. आता चाळिशी उलटली, दाढी पांढरी व्हायला लागली. हेद्विगाबाईंनी कोबीचं आंबट सूप पुढे ठेवलं, ते त्याने गार होऊ दिलं. म्हणाला, जुन्या कडक थरावर हा नवा बर्फ नुसता टेकून बसलाय, केव्हाही सुटेल. आता जूनपर्यंत घळीत कोणाला पाठवणार नाही.

मी म्हटलं, एकदा तरी. कडेकडेने.

"माझ्या पथकातल्या पोरांनाही आया आहेत, बाई."

बरोबर बोलला. तरी मी उठून वर आले. त्याला निरोपही दिला नाही.

जूनमध्ये घळीतून ओढा वाहतो. पुढचं मला लिहायचं नाही.

१३ एप्रिल, गुरुवार

इम्रो आज स्की घेऊन वर गेला! मला न सांगता. मी खिडकीतून पाहिलं, खांद्यावर स्की टाकून रोपवेच्या रांगेत उभा, पोलिश पोरांच्या मागे. दिवसभर मी खोलीत बसून होते. खालून सगळ्यांचा एकच विषय ऐकू येत होता. असा बर्फ जानेवारीतसुद्धा नव्हता! अजून दोन दिवस पडू दे! हेद्विगाबाईंना फोनवर फोन, एकही खोली रिकामी नाही. त्या फोनवर हळू बोलतात, माझ्यामुळे.

संध्याकाळी इम्रो आला. गाल लाल, मिशीला बर्फ. मी विचारलं, कसा होता? त्याने मिशी पुसली. मग मी नको ते बोलले. म्हटलं, पोरगं त्याच बर्फाखाली आहे आणि तू वरून घसरगुंडी खेळतोस, लाज नाही वाटत?

तो बूट सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "हा आठवडा त्याने मला दिलाय, झेल्मा. मी तो परत कोणाला करू?"

त्यानंतर बोलणं बंद. जेवताना मीठ हवं होतं त्याला, तेही हेद्विगाबाईंकडे मागितलं.

१४ एप्रिल, गुड फ्रायडे

पडतोय. चर्चला गेले नाही. देवाशी भांडून झालंय, बर्फाशीही झालंय. आता कोणाशी भांडू?

इम्रो वर गेला.

१५ एप्रिल, शनिवार

हेद्विगाबाईंनी स्वयंपाकघरात बोलावलं, अंडी रंगवायला. नको नको म्हणत गेले. डॉक्टरची बायकोही होती. कांद्याच्या सालांबरोबर उकळून अंडी तांबूस होतात, मग सुईने खरवडून त्यांवर नक्षी काढायची. ईस्टरच्या सोमवारी पुरुष बायकांवर पाणी ओतायला येतात, त्यांना द्यायला लागतात. हेद्विगाबाई सांगत होत्या, आमच्या गल्लीत बादल्याच घेऊन येतात मेले, पण आले नाहीत तर त्याहून वाईट, जिच्यावर कोणी पाणी ओतत नाही ती बाई वर्षभर सुकते. एवढं बोलल्या आणि जीभ चावली. मी म्हटलं, बोला हो, मी काही काचेची नाही.

आमच्याकडे दरवर्षी वाव्रोच पहिला. मी अंथरुणात असतानाच दात घासायच्या मगातलं गार पाणी मानेवर! नोकरी लागली, दुसऱ्या गावी राहायला गेला, तरी आदल्या दिवशी गाडी पकडून यायचा, फक्त एवढ्यासाठी. इम्रोचा नंबर दुसरा. बापाला त्याने पहिला नंबर कधी मिळू दिला नाही. एका वर्षी इम्रो लवकर उठला तर पोराने मगच लपवून ठेवलेला! पाणी पडलं की मी दोघांना शिव्या घालायच्या आणि अंडं द्यायचं. वाव्रोचं अंडं ठरलेलं. देवदाराचं झाड आणि त्याखाली स्कीच्या दोन रेघा.

आज बोलता बोलता हातांनी तेच काढलं. पुरं झाल्यावर माझ्या लक्षात आलं. हेद्विगाबाईंच्याही आलं, त्यांनी उगीच भांडी आवरायला घेतली. ते अंडं टोपलीत नाही ठेवलं. कोटाच्या खिशात ठेवलं.

१६ एप्रिल, ईस्टर

ऊन. निळं आभाळ. डोळे दिपतात.

हॅम, अंडी, झणझणीत मुळ्याची चटणी, सगळं घशाखाली ढकललं. मग इम्रोला म्हटलं, मी येते वर. घळ बघायची आहे. त्याने माझे स्कीचे बूट आणून पुढ्यात ठेवले. गरम होते. रोज सकाळी रेडिएटरपाशी ठेवत होता म्हणे, वाटलंच तर असावेत म्हणून. मी चार दिवस त्याच खोलीत, माझ्या लक्षात आलं नाही!

रोपवेतून उतरून उजवीकडे थोडं चालावं लागतं. एक लाकडी बाक आहे, अर्धा पुरलेला. बाकापुढचा बर्फ तुडवलेला. तिथून मागची घळ पूर्ण दिसते. इम्रोने खिशातून ब्रेड आणि मेंढीचं चीज काढलं, अर्धं मला दिलं. तेव्हा समजलं, हा रोज इथेच येऊन जेवतो.

"त्याला एकट्याने जेवायची सवय नाही," म्हणाला.

आम्ही खाल्लं. खाली घळ गुळगुळीत पडलेली. एक ओरखडा नाही, एक खळगा नाही. इथे कोणी माणूस असेल असं कोणाच्या मनातसुद्धा येऊ नये, इतकी नीटनेटकी. मी मनातल्या मनात प्रत्येक वीतभर जागेवर बोट ठेवत गेले. इथे? की इथे?

मग खाली उतरलो. खरं तेच लिहिते, ही वही कोणाला दाखवायची आहे! इतका चांगला बर्फ मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. गुडघे जुने, तरी स्की आपोआप वळत होत्या. वारा तोंडावर, पायाखाली आवाजसुद्धा नाही. चार-पाच वळणं घेतली असतील आणि मी हसले! मोठ्याने हसले! वाव्रो पुढे असला की हसायचे तशी. मग कडेला थांबले आणि काठ्यांवर ओणवून रडले. छान वाटलं याचंच वाईट वाटलं. इम्रो खालच्या वळणावर उभा होता. वर आला नाही, हाकही मारली नाही. त्याचंही रोज असंच होत असणार.

खोलीवर आल्यावर त्याला म्हटलं, गुरुवारी मी जे बोलले ते मनात ठेवू नकोस. "काय बोललीस?" म्हणाला. खोटारडा!

१७ एप्रिल, सोमवार

उजाडताच घरभर किंकाळ्या. डॉक्टरने बायकोच्या डोक्यावर पाण्याने भरलेला आख्खा जग उपडा केला, पोरांनी हेद्विगाबाईंना जिन्यात गाठलं. फरशीवर तळं. सगळ्या बायका भिजलेल्या, हसतायत, शिव्या देतायत. मी जिन्यावर आले. धाकटा भरलेला मग घेऊन माझ्याकडे निघाला होता, बापाने त्याचा दंड धरला. बहुतेक हेद्विगाबाईंनी सांगून ठेवलं असावं. डॉक्टर माझ्याकडे बघेना. पायगुणाचं आठवलं असेल त्याला. मला त्याचीच कीव आली.

कोरडीच वर आले. असं कधी झालं नव्हतं.

इम्रो दारात उभा. हातात दात घासायचा मग, काठोकाठ भरलेला. पाणी त्याच्याच बोटांवर सांडत होतं.

"कोणीतरी ओतायला हवं, झेल्मा. मी तुला अशी सुकू नाही देणार."

"तुझा नंबर दुसरा," मी म्हटलं.

तो तिसऱ्या खाटेच्या कडेला बसला. शेवटी ते पाणी त्यानेच पिऊन टाकलं.

आज ऊन फार कडक होतं. पन्हळ दिवसभर ठिबकत होती.

१८ एप्रिल, मंगळवार

दुपारी बॅगा भरत होतो. लांबून घरघर आली. इम्रो सवयीने म्हणाला, मालगाडी. मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं. इथे रूळच नाहीत! खिडकीची तावदानं थरथरली, खाली कपबशा वाजल्या. मग सगळं शांत.

रोपवे लगेच बंद केला. थोड्या वेळाने चिरिलचा फोन आला. मागच्या घळीच्या वरचा सगळा उतार सुटला, थेट तोंडापर्यंत आला. "सुदैवाने खाली कोणी नव्हतं," म्हणाला. मग लगेच, "बाई, माफ करा. माझ्या तोंडून गेलं."

मी म्हटलं, असू दे रे. पहाटे कडक गोठलं तर कडेने जाऊन बघतो म्हणाला. माझ्या समाधानासाठी म्हणत असेल. आधीच काय थोडा बर्फ होता, आता वाव्रोवर हाही येऊन पडला!

उद्या सकाळच्या बसने परत. हेद्विगाबाईंनी वाटेसाठी केक बांधून दिलाय. तीन तुकडे.

१९ एप्रिल, बुधवार

सापडला.

चिरिल स्वतः आला सांगायला, टोपी काढायचं विसरला. कालच्या दरडीने जुना थरही पार गवतापर्यंत खरवडून खाली आणला. घळीच्या तोंडाशी कुत्री बसली ती हलेनात. आठवडाभर ज्याला शिव्या घातल्या त्या बर्फानेच माझं पोर आणून दिलं.

पथकाच्या खोलीत टेबलावर ठेवलाय. निळं जाकीट. चेहरा त्याचाच, थोडा काळवंडलाय. सरकारी डॉक्टर येईपर्यंत हात लावायचा नसतो, असं चिरिल म्हणाला आणि बाहेर जाऊन दाराकडे पाठ करून उभा राहिला. इम्रोने वाव्रोचे बूट सोडले. मी डोकं दोन्ही हातांत धरलं. केसांत बर्फ होता अजून. माझ्या तळव्यांत वितळला. पाणी मनगटावरून बाहीत शिरलं, थेट कोपरापर्यंत. गार!

दोन दिवस उशीर झाला. पण पहिला तोच.

अंडं खिशात होतं. दिलं.